फळ्यावरचे चौथे कडवे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि या घडीला माझ्यावर एक अक्षरही लिहिलेले नाही. पुस्तकाजवळ त्याची पाने असतात. माझ्याजवळ जे येते ते पुसले जाण्यासाठीच येते. तरीही माझ्याकडे सांगण्यासारखे थोडे आहे, ते ऐका.

मी दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या वावाऊ बेटावरचा. बंदराच्या वर टेकडीवर माध्यमिक शाळा आहे, तिच्या सभागृहात माझा मुक्काम असतो. मुळात मी उंडीचे झाड होतो. समुद्राकडे झुकून उभा असायचो आणि खाली मुले खेकडे पकडायची. एका वादळात मी मुळासकट आडवा झालो. मानोआ नावाच्या सुताराने माझ्या फळ्या काढल्या. त्याच्या मनात होडी करायची होती. पण तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्याला रोज घरी बोलावून भाजलेले रताळे आणि मासे खाऊ घातले. आठवड्याभराने मानोआ म्हणाला, "तुमचे मासे पचवायचे तर फळाच करून द्यावा लागणार, दुसरा उपाय दिसत नाही." अशा रीतीने पाण्यावर जायचा तो मी लाकडी चौकटीत बसून सभागृहात आलो.

माझा काळा रंग दुकानातला नाही. आमच्या गावातल्या बायका झाडाच्या सालीचे कापड कुटतात आणि त्यावर नक्षी काढतात. त्या नक्षीसाठी त्या तुईतुई नावाच्या झाडाच्या तेलकट बिया जाळून काजळी धरतात. तीच काजळी खळीत कालवून त्यांनी माझ्या अंगाला चोपडली. दर जानेवारीत त्या वाडगे घेऊन येत, गप्पा मारत मला नवा हात देत आणि जाताना एकमेकींच्या नाकाला काळे लावून हसत सुटत.

पहिली काही वर्षे माझ्यावर गणिते आणि नकाशे आले. मग उहिला मास्तर आले आणि माझ्यावर गाणी येऊ लागली.

मित्रांनो, तुम्ही सूर लिहिता तेव्हा सा, रे, ग लिहिता. आमच्याकडे आकडे लिहितात, आणि तेही तीनपासून. तुमचा सा म्हणजे आमचा तीन. रे म्हणजे चार. असे करत नऊपर्यंत सात सूर होतात. चर्चमधली आजी असो की शाळेतले पोर, आकडे दिसले की त्याच्या तोंडून गाणे निघते. उहिला मास्तर माझ्यावर आकड्यांच्या चार ओळी लिहीत, एकाच वेळी गाणाऱ्या प्रत्येक आवाजासाठी एकेक, आणि त्यांच्याखाली शब्द. दर वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला शाळेचे संमेलन होते. त्यात नाटक असते, पितळी वाद्यांचा बँड असतो, पण सगळ्या गावाचा जीव अडकलेला असतो तो माउलुउलुमध्ये. शंभरभर मुले-मुली रांगा करून मांडी घालून बसतात, मागे ढोल वाजतो, आणि सगळी मिळून गातात व हातांनी नाचतात. हात म्हणजे लाटा, हात म्हणजे पक्षी, हात म्हणजे वल्ही. या नाचाचे शब्द, चाल आणि हातांच्या खुणा, सगळे काही मास्तर एकटे रचत. दर वर्षी नवे गाणे असायचे.

मास्तरांचे तीन नियम होते, आणि ते मोडायची कोणाची छाती नव्हती.

गाणे वहीत उतरवायचे नाही, हा पहिला. एखाद्याने वही काढली की मास्तर म्हणत, "वही घरी जाऊन अभ्यास करणार आहे का? मग तिला कशाला शिकवतोस? स्वतः शिक."

दुसरा असा की संमेलनाच्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून उभे करायचे, म्हणजे कोणी चोरून बघू नये. या नियमामुळे एक गंमत झाली. एकोणतीस वर्षे एकोणतीस गाणी माझ्या अंगावर शिकवली गेली, पण एकही नाच मी डोळ्यांनी पाहिला नाही. भिंतीतली एक भेग मात्र मला तोंडपाठ झाली. मागून ढोल ऐकू येई, टाळ्या ऐकू येत, म्हाताऱ्या बायका आनंदाने उठून बाजूला नाचू लागल्या की त्यांचे हसणे ऐकू येई. मी आपला भेगेकडे बघत असे.

आणि तिसरा म्हणजे, संमेलन झाले की मास्तर स्वतः येऊन मला सरळ करत आणि गाणे तळहाताने पुसत. फडक्याने नव्हे, तळहाताने. "झालं," ते म्हणत, "आता हे ज्यांनी गायलं त्यांचं."

मागच्या वर्षापर्यंत असेच चालले. मधल्या काळात वर्गांमध्ये पांढरे, गुळगुळीत फळे आले. मुख्याध्यापिका कलोलाईने बाई मला एकदा म्हणाल्यासुद्धा, म्हणजे मला नव्हे, माझ्यासमोर शिपायाला, "हा जुना आता फक्त मास्तरांसाठी ठेवलाय." काजळीचे वाडगे येणे थांबले. सलग दोन जानेवारी कोरडे गेले. माझ्या अंगावरचा थर मऊ पडला, भुसभुशीत झाला, खडू ओढला की चरा उमटू लागला. मला त्याचे वाईट वाटे. मास्तरांचीही नजर मंदावली होती. आपले अक्षर आपल्याला दिसावे म्हणून ते खडू फार दाबून लिहू लागले होते. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीवर लिहीत आहे, असे मला वाटायचे.

गेले वर्ष मास्तरांचे नोकरीचे शेवटचे वर्ष होते. गाणेही त्यांनी निरोपाचेच रचले. शाळा संपवून दर वर्षी मुले बोटीने राजधानीकडे जातात, कोणी शिकायला, कोणी कामाला, कोणी तिथून पुढे परदेशी. गाण्यात बंदर होते, बोट होती, आणि धक्क्यावर उभी राहिलेली माणसे होती. त्याची तीन कडवी नोव्हेंबरातच मुलांना पाठ झाली. चौथे आणि शेवटचे कडवे मास्तर नेहमी संमेलनाच्या आठवड्यातल्या सोमवारी मुलांसमोर लिहीत. "शेवट ताजा पाहिजे," ते म्हणत. "मासा आणि शेवट शिळा चालत नाही."

आता तुम्हाला लोसेलीची ओळख करून देतो. ती शेवटच्या वर्षात होती आणि नाचात पहिल्या रांगेच्या मधोमध बसायची. ती जागा मास्तर कोणालाही देत नसत, कारण सगळी रांग मधल्या मुलीचे हात बघून चालते. शिवाय शाळेच्या सफाईची प्रमुखही तीच होती. रविवारी आमच्याकडे कोणी काम करत नाही. पोहत नाही, मासे धरत नाही, कपडे वाळत घालत नाही. त्यामुळे शनिवारी सगळे घासूनपुसून लख्ख करायचे असते, आणि त्या कामात लोसेलीचा हात कोणी धरत नसे.

त्या शनिवारी दुपारी सभागृहात कोणी नसताना मास्तर आले. सोमवारपर्यंत त्यांना दम निघाला नसावा. त्यांनी खडू घेतला, माझ्या उजव्या बाजूची रिकामी जागा हाताने चाचपली आणि चौथे कडवे लिहिले. खाली जागा कमी पडली तेव्हा गुडघे टेकून शेवटची ओळ अगदी काठावर लिहिली. मग उठले, दोन पावले मागे गेले आणि हळू आवाजात ते कडवे एकदा गायले. ऐकायला मी एकटाच होतो. "जमलं रे," ते मला म्हणाले. खडूचे हात तसेच घेऊन ते घरी गेले.

संध्याकाळी लोसेली आपल्या टोळीला घेऊन आली. ढोल वाजवणारा विलिसोनीही बरोबर होता. तो तिच्याच वर्गातला, अंगाने थोराड आणि तोंडाने त्याहून मोठा.

"लोसेली, तू बाक असे पुसतेस की डास बसला तर घसरून पडेल आणि पाय मोडून घेईल," तो म्हणाला.

"आधी तुझे पाय झाड. अख्खा किनारा घेऊन आलायस आत."

"मी येतो तिथं किनारा येतो. बेटावरचा माणूस आहे मी."

"मग बाहेरच थांब आणि बेट हो."

एवढ्यात कलोलाईने बाई दारात आल्या. मार्चच्या वादळात चर्चचे छप्पर उडाले होते, तेव्हापासून रविवारची प्रार्थना आमच्या सभागृहात होत असे. स्तोत्राचे आकडे एरवी माझ्या कोपऱ्यात मावत. पण त्या रविवारी मुख्य बेटावरून धर्मगुरू येणार होते आणि नवे, लांबलचक स्तोत्र गायचे होते.

"लोसेली, फळा पूर्ण मोकळा लागेल गं उद्या," बाई म्हणाल्या. "मास्तरांचं गाणं पाठ आहे ना सगळ्यांना?"

"तिन्ही कडवी पाठ आहेत, बाई. चौथं मास्तर सोमवारी लिहिणार."

"मग पूस. मास्तरांना मी सांगते."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! लोसेली ओले फडके घेऊन समोर आली. तिची नजर माझ्यावर होती, पण ती वाचत नव्हती. आकड्यांनी भरलेला फळा ती दीड महिना रोज बघत होती. पाठ झालेल्या गोष्टीकडे कोणी वाचायच्या डोळ्यांनी बघत नाही. तिने डावीकडून सुरुवात केली. पहिले कडवे गेले, दुसरे, तिसरे. मग तिचा हात चौथ्यावर आला आणि न थांबता पुढे गेला. शेवटी तिने गुडघे टेकले आणि खालचा काठ घासघासून काढला, कारण खडूची भुकटी तिथेच साचते. शेजारी उभ्या असलेल्या मुली म्हणाल्या, "बघा, नवा दिसतोय!"

दुसऱ्या दिवशी धर्मगुरू आले, स्तोत्र झाले. पण मास्तर आले नव्हते. एकोणतीस वर्षांत मास्तर रविवारी आले नाहीत असे कधी झाले नव्हते.

पुढचे मी पाहिले नाही. सोमवारी सकाळी लोसेलीने सगळ्यांसमोर सांगितले, त्यावरून मला कळले. मास्तर शनिवारी दुपारी घरी गेले आणि हात धुता धुता कोसळले. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. रविवारी दुपारी बाई आणि लोसेली त्यांना भेटायला रुग्णालयात गेल्या. लोसेलीला बघताच मास्तरांनी डाव्या हाताची चार बोटे दाखवली, मग हवेत लिहिल्यासारखे केले आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघत राहिले. तिला काही कळेना. तेव्हा मास्तरांच्या पत्नी, लावीनिया काकू म्हणाल्या, "ते विचारतायत, चौथं कडवं बघितलंत का? शनिवारी घरी आले तेव्हा हात पांढरेफटक. मला म्हणाले, लिहून आलो, यंदा आवडेल पोरांना. तेवढंच बोलले बघ. त्यानंतर काही नाही."

"मग तू काय सांगितलंस?" सोमवारी कोणीतरी लोसेलीला विचारले.

"सांगितलं, बघितलं म्हणून," लोसेली म्हणाली. "फार छान आहे, असंही म्हणाले मी." आणि ती बाकावर बसून रडू लागली.

कलोलाईने बाई पुढे आल्या. "पूस म्हणून मीच सांगितलं होतं. एकट्या लोसेलीचं नाव कोणी घ्यायचं नाही."

"तीन कडवी गाऊ," मागून एक मुलगा म्हणाला. "लोकांना काय कळणार आहे?"

"लोकांना नाही कळणार," लोसेली डोळे पुसत म्हणाली. "लावीनिया काकू येऊन ऐकणार आणि जाऊन त्यांना सांगणार. त्यांनी विचारलं, की चौथं कसं झालं, तर काय सांगायचं त्या काकूंनी? मी आधीच एकदा खोटं बोलले."

संमेलन बुधवारी होते.

तुम्हाला सांगतो, एवढी वर्षे मी मुका आहे याचे मला कधी काही वाटले नव्हते. त्या सकाळी वाटले. जगात ते कडवे दोघांनाच माहीत होते, एक मास्तर आणि दुसरा मी, आणि दोघांनाही बोलता येत नव्हते.

मुले पांगली. लोसेली तिथेच राहिली. काय करावे हे न सुचून माणूस सवयीचे काम करतो. तिने फडके पिळले आणि रविवारचे स्तोत्र पुसायला घेतले. विलिसोनी जमिनीवर बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन तिरपे आत येत होते. माझे अंग ओले होते आणि हळूहळू वाळत होते.

"लोसेली," विलिसोनी म्हणाला, "फडकं खाली ठेव."

"का?"

"ठेव म्हणतो ना. आणि इकडे ये. अशी उभी नको राहूस, माझ्यासारखी खाली बस. डोकं वाकडं कर."

"चेष्टा नको, विलिसोनी. आज नको."

"देवाशप्पथ चेष्टा नाही. तिथं सात लिहिलाय. त्याच्यापुढं आठ आहे. बघ तरी!"

मास्तरांनी दाबून लिहिले होते आणि माझा थर मऊ होता. ज्या हेळसांडीबद्दल मी दोन वर्षे वाईट वाटून घेत होतो, तीच उपयोगी पडली. अंगात काजळी ताजी असती तर खडू वरच्यावर राहिला असता आणि फडक्याबरोबर निघून गेला असता. स्तोत्र लिहिणाऱ्या धर्मगुरूंचा हात हलका होता, त्याची खूण उरली नव्हती. मास्तरांचे चरे मात्र उरले होते. पाणी सुकताना तिरप्या उन्हात ते पाव-अर्धा मिनिट दिसत आणि पुन्हा नाहीसे होत.

मग काय विचारता! पांगलेली मुले धावत परत आली. लोसेली मला ओले करी, विलिसोनी जमिनीवर आडवा होऊन वाची, आणि एक मुलगी माझ्याच डाव्या बाजूला खडूने उतरवून घेई. ऊन सरकले तेव्हा चार मुलांनी मला उचलून उन्हाच्या मागे नेले. दुपारी मला अंगणात नीरफणसाच्या झाडाखाली नेले, तिथे ऊन वरून पडू लागले तेव्हा आत आणले, संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीशी उभे केले. डुकराची पिल्ले पायात येत होती. "नऊ आहे का सात?" "सात. मास्तरांचा सात असाच असतो, खाली शेपटी." "तुझ्या डोळ्यांना शेपटी!" अशी भांडणे चालली होती. आकडा चुकला की गाऊन बघत, आणि कानाला खटकला की पुन्हा ओले करत.

अंधार पडायच्या आत आकडे सगळे मिळाले. शब्दही तीन ओळींचे मिळाले. चौथी ओळ अगदी काठावर होती, जिथे लोसेलीने गुडघे टेकून घासले होते. तिथले मोठे आकडे तेवढे वाचता आले, खालचे बारीक शब्द गेले ते गेलेच.

"मी इतकं चांगलं कशाला पुसलं?" लोसेली म्हणाली.

"कारण तू लोसेली आहेस," विलिसोनी म्हणाला. "मी पुसलं असतं तर आज अख्खं गाणं मिळालं असतं."

ती हसली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी एकाने सुचवले की त्या ओळीला आपणच शब्द जोडू. लोसेलीने मान हलवली. "मास्तरांच्या गाण्यात आपले शब्द नकोत. जे मिळालं ते गायचं. आकडे मिळालेत ना? आकडेच गायचे."

बुधवारी दुपारपासून गाव लोटले. चटया अंथरल्या गेल्या. छोट्या वर्गांनी नाटक केले. त्यात खरे डुकराचे पिल्लू आणले होते. ते रंगमंचावरून उतरायला तयार होईना, आणि राजाचे काम करणारा मुलगा त्याच्यामागे धावताना घसरला आणि थेट आपल्या मुकुटावरच बसला. बँड वाजला. मग माउलुउलुच्या रांगा लागल्या. अंगाला खोबरेल, गळ्यात फुलांच्या माळा, कमरेला आमच्या रिवाजाप्रमाणे गुंडाळलेल्या विणलेल्या चटया.

दोन मुले नियमाप्रमाणे मला भिंतीकडे वळवायला आली. लोसेलीने रांगेतून हात वर केला.

"राहू दे. दोन दिवसांत शिकलोय, कोणी अडखळलं तर? आज सरळ राहू दे त्याला."

मित्रांनो, अशा रीतीने एकोणतीस गाण्यांनंतर मी पहिल्यांदा नाच पाहिला. ढोल सुरू झाला आणि शंभर मुलांचे हात एकदम उठले. आकडे माझ्या अंगावर असताना फक्त आकडे असतात. ते हात बनतात तेव्हा कसे दिसतात, हे मला माहीतच नव्हते. बंदर आले, बोट आली, दोर सुटले. तिसरे कडवे संपले आणि चौथे सुरू झाले. एकही डोळा माझ्याकडे वळला नाही. त्यांना गरजच नव्हती. शेवटच्या ओळीला ढोल थांबला आणि शंभर मुलांनी चार आवाजांत नुसते आकडे गायले: "सात, सात, आठ, सात, पाच... चार, पाच, तीन." खुणाही कोणाला माहीत नव्हत्या, म्हणून हात मांडीवर स्वस्थ होते.

लोक क्षणभर गोंधळले. मग आकडे ऐकून गावातल्या आजीबाईंनी आपला आवाज मिसळला, कारण आकडे ऐकले की त्यांना राहवत नाही. दुसऱ्यांदा ती ओळ सगळ्या सभागृहाने म्हटली. लावीनिया काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मला कोणी पुसले नाही. लोसेलीने सगळ्यांना बजावले होते, "मास्तर येईपर्यंत हात लावायचा नाही." सुट्टी लागली. डिसेंबर गेला. रविवारची स्तोत्रे वर्गातून आणलेल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिली जाऊ लागली. जानेवारीत वादळाची सूचना आली तेव्हा लोसेली आणि विलिसोनी पावसात धावत आले आणि मला तोंडावर ताडपत्री बांधून आतल्या खोलीत ठेवून गेले.

जानेवारीच्या शेवटी लोसेलीची बोट ठरली. राजधानीत परिचारिकेचे शिक्षण घ्यायला तिला जागा मिळाली होती. निघायच्या आदल्या सकाळी ती शाळेत आली, माझी ताडपत्री सोडून समोर बसली, आणि थोड्या वेळाने लावीनिया काकूंचा हात धरून, पाय ओढत उहिला मास्तर आले.

लोसेली उठून उभी राहिली. "मास्तर, त्या दिवशी मी खोटं बोलले. कडवं मी बघितलंच नव्हतं. न वाचता पुसलं मी."

मास्तरांची वाचा अजून परतली नव्हती. काकू म्हणाल्या, "त्यांना माहीत आहे, पोरी. मीच सांगितलं. पण एक तुला माहीत नाही. घरी पाणी मागायला यांना शब्द सापडत नाही, आणि परवा प्रार्थनेत अख्खं स्तोत्र म्हणाले. डॉक्टर म्हणतात असं होतं. बोलण्याची वाट बंद होते, गाण्याची उघडी राहते. तू सुरू कर बरं."

लोसेलीने चौथे कडवे सुरू केले. पहिली ओळ तिने एकटीने गायली. दुसरीला एक जाड, कापरा आवाज तिच्यात मिसळला. तिसरी दोघांनी मिळून गायली. चौथी आली आणि ती आकड्यांवर जाणार, इतक्यात मास्तरांनी डावा हात उचलून तिला थांबवले आणि एकटेच गायले:

"वळून पाहिलं नाहीत तरी चालेल, धक्का तुमच्याकडे बघत राहील."

आणि डावा हात कपाळाशी धरून, उन्हात लांबवर बघणारा माणूस बघतो तसे बघितले. ती त्या ओळीची खूण होती.

लोसेलीने गुडघे टेकून ते शब्द माझ्या काठावर लिहिले. कडवे माझ्या अंगावर पुन्हा पूर्ण झाले. दोघे थोडा वेळ त्याकडे बघत राहिले. मग मास्तरांनी तिचा उजवा हात धरला, उघडला, आणि तळहात माझ्यावर ठेवला.

"नको, मास्तर," ती म्हणाली. "मी नाही. परत मी नाही."

मास्तरांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. डावा का होईना, तो मास्तरांचाच हात होता. त्या दोन हातांनी मिळून मला पुसले, सावकाश, वरून खाली, एकेक ओळ वाचत. काठाशी आले तेव्हा ती रडत होती आणि मास्तर हसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरातून बोटीचा भोंगा ऐकू आला. खिडकीतून मला धक्का दिसत नाही.

त्यानंतर काजळीचे वाडगे पुन्हा आले. विलिसोनीनेच आपल्या आईच्या मागे लागून ते आणवले म्हणे. माझा थर आता ताजा आहे, टणक आहे. खडू वरच्यावर राहतो आणि एका फडक्यात निघून जातो. मी खूश आहे, पण तुम्हाला एक सांगून ठेवतो. आता तुम्ही जे पुसाल त्याची खूण माझ्यावर राहणार नाही. कितीही ओले केलेत, कितीही खाली वाकून बघितलेत तरी मी परत देऊ शकणार नाही.

म्हणून मुलांनो, मला पुसा. त्याचा मला राग नाही, मी त्यासाठीच आहे. फक्त फडके उचलण्याआधी दोन पावले मागे जा, आणि माझ्यावर काय लिहिले आहे ते अगदी काठापर्यंत एकदा वाचा.